पंचवीस वर्षं थांबलेली गाडी

मित्रांनो, पुढे वाचण्याआधी एक काम करा. खडूचा तुकडा आणि मोजपट्टी घेऊन अंगणात नाहीतर गच्चीवर जा. तिथे एक आयत आखा. लांबी ३ मीटर ३० सेंटिमीटर, रुंदी १ मीटर ४० सेंटिमीटर. कोपरे काटकोनात आले पाहिजेत हं, नाहीतर भूमितीच्या बाई रागावतील!

आखलात? आता या आयतात एक इंजिन ठेवा. चार चाकं ठेवा. पेट्रोलची टाकी ठेवा. शेजारीशेजारी दोन माणसं बसवा, मागे सामानाला डिकी करा आणि वर छप्पर घाला. एवढ्यावर सुटका नाही. ही गाडी वळणावर सशासारखी पळाली पाहिजे. आणि आयताच्या रेषेबाहेर मात्र बोटभरही यायचं नाही.

‘छे, हे काय खेळणं करायचंय का?’ असं तुम्ही म्हणाल. पण जपानमधल्या सुझुकी कंपनीच्या इंजिनिअरांनी हे कोडं खरोखर सोडवलं. त्यांची गाडी १९९१ च्या अखेरीस बाजारात आली. लांबी ३ मीटर साडेएकोणतीस सेंटिमीटर आणि रुंदी १ मीटर साडेएकोणचाळीस सेंटिमीटर. म्हणजे दोन्हीकडे फक्त अर्धा-अर्धा सेंटिमीटर शिल्लक! आपल्या ओळखीची मारुती ८०० आठवा. तिच्यापेक्षाही ही चार सेंटिमीटरने आखूड. उंची तर इतकी कमी की पाचवीतला मुलगा शेजारी उभा राहिला, तर त्याला छपरावर कोपर टेकवता येईल.

या गाडीचं नाव कॅपुचिनो. हो, कॉफीचंच नाव! ही गाडी जपानहून अमेरिकेत कशी गेली, त्याची ही गोष्ट. ती नेणारा माझा भाचा आहे, म्हणून मला सगळं आतून माहीत.

कपाटातलं चित्र

भाचा सांगलीचा. १९९४ साली तो चौथीत होता. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्याला कॅपुचिनोचा फोटो दिसला. लालचुटूक रंगाची, छप्पर काढलेली. त्याने तो कापला आणि कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला. बाहेरून चिकटवला असता तर आमच्या ताईने पाठीत धपाटा घातला असता!

त्या काळी रस्त्यावर दिसायच्या त्या अ‍ॅम्बॅसिडर, फियाट आणि मारुती. माझ्याकडे पांढरी मारुती ८०० होती. तिला पाणी मारताना भाचा म्हणायचा, “मामा, ती लाल गाडी मी आणणार बघ.” मी म्हणायचो, “आण की. पण आधी गणिताचा पेपर तपासून आलाय ना, तो आण बघू.”

पुढे याच मारुतीवर तो गाडी चालवायला शिकला, शिकून इंजिनिअर झाला आणि नोकरीसाठी अमेरिकेत गेला. कपाट ताईकडेच राहिलं. चित्र पिवळं पडलं.

२०१८ सालच्या सुरुवातीला एका रात्री त्याचा फोन. “मामा, यंदा ती पंचवीस वर्षांची होतेय! आता आणता येईल!”

मला वाटलं, स्वारी लग्नाचं बोलतेय. मी आनंदाने ताईला हाक मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, “अरे मामा, गाडी! कॅपुचिनो!”

चौकोन कुणी आखला?

पंचवीस वर्षांची भानगड काय, ते पाहूच. पण त्याआधी तो खडूचा आयत कुठून आला, ते सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान फार हलाखीत होता. मोठी मोटार घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. तेव्हा, १९४९ साली, तिथल्या सरकारने लहान गाड्यांचा एक वेगळा वर्ग ठरवला. त्याला म्हणतात ‘केइ’, म्हणजे हलकी. गाडी अमुक मापाच्या आत बसवा, इंजिन अमुक आकाराच्या आत ठेवा. मग कर कमी, विमा कमी. ही मापं वेळोवेळी वाढत गेली. १९५० च्या दशकात इंजिन ३६० सीसीपर्यंत चाले. १९७६ साली मर्यादा ५५० सीसी झाली आणि १९९० साली ६६०. तुमचा आयत हा १९९० सालच्या नियमाचा आहे. ६६० सीसी म्हणजे किती? लिटरच्या पाण्याच्या बाटलीचे दोन तृतीयांश. बस्स! जपानमध्ये केइ गाडी लांबूनही ओळखू येते. तिथल्या घरगुती वापराच्या केइ गाडीची नंबरप्लेट पिवळी असते.

सुझुकी कंपनीची सुरुवात मोटारींपासून झाली नाही बरं का. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हमामात्सु गावात कारखाना काढला, तो कापड विणायच्या मागांचा! इचलकरंजी-मालेगावच्या दोस्तांना मागाचा खडखडाट सांगायला नकोच. १९५५ साली या कंपनीने ‘सुझुलाइट’ ही पहिली मोटार काढली आणि तीही केइ वर्गातलीच. म्हणजे लहान जागेत संसार मांडायची सवय घराण्यात पहिल्यापासूनची.

कॅपुचिनोचं इंजिन ६५७ सीसीचं, तीन सिलिंडरचं. आपल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं, तेही तीन सिलिंडरचं. ही दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच ‘एफ’ घराण्यातली, म्हणजे चुलतभाऊच म्हणा ना. पण मारुतीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत आणि कॅपुचिनोची ६४. इंजिन लहान, तरी ताकद जास्त. हे कसं?

लोहाराचा भाता आठवा. भात्याने वारा घातला की निखारा फुलतो. कॅपुचिनोच्या इंजिनाला असाच एक भाता आहे. त्याला टर्बो म्हणतात. आणि हा भाता हलवायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक पंखा फिरवतो, त्या पंख्याच्या दांड्यावर दुसरा पंखा असतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जळतं, म्हणून जास्त जोर. जो धूर वाया जायचा, त्यालाच कामाला लावलं! ६४ हा आकडाही मजेशीर आहे. केइ गाड्यांची ताकद याच्या वर न्यायची नाही, असं जपानी कंपन्यांनी आपापसांत ठरवून घेतलं होतं.

इंजिन पुढे आणि ते फिरवतं मागची चाकं. दोन माणसं बसतात जवळजवळ मागच्या चाकांपाशी. त्यामुळे गाडीचं वजन पुढे आणि मागे निम्मंनिम्मं वाटलं जातं. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या भरल्या की चालणाऱ्याचा तोल जात नाही, तसंच हे. एकूण वजन सुमारे ७०० किलो. छपराचे तीन तुकडे निघतात आणि डिकीत बसतात. मग मात्र डिकीत दप्तरालासुद्धा जागा उरत नाही!

त्याच सुमाराला जपानमध्ये आणखी दोन चिमुकल्या स्पोर्ट्‌स गाड्या निघाल्या. होंडाची ‘बीट’, जिचं इंजिन माणसांच्या पाठीमागे होतं. आणि ‘एझेड-१’, जिची दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडत. एझेड-१, बीट आणि कॅपुचिनो, यांच्या पहिल्या अक्षरांवरून गाडीवेडे लोक या तिघींना ‘एबीसी’ म्हणतात. तिघींची आखणी झाली तेव्हा जपानमध्ये पैशाचा पूर होता. त्या बाजारात आल्या तेव्हा पूर ओसरत चालला होता. ‘दोन माणसांची गाडी कशाला हवी?’ असं गिऱ्हाईक म्हणू लागलं. कॅपुचिनो १९९८ साली बंद झाली. आता जगात आहेत तेवढ्याच.

पंचवीस वर्षांची भिंत

मग भाच्याने सरळ एक विकत घेऊन अमेरिकेत का नेली नाही? कारण वाटेत कायदा उभा होता.

अमेरिकेत विकायच्या गाडीला तिथले सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. टक्कर झाली तर काय होईल, दिवे कसे, पट्टे कसे, सगळं तपासलेलं असतं. १९८० च्या दशकात पुष्कळ लोक परदेशातून आपल्या आपण गाड्या आणू लागले, तेव्हा १९८८ साली कायदा कडक झाला. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे न बनलेली गाडी आणायची तर तिच्यात मोठे बदल करा, चाचण्या करा. तो खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट. कायद्यात एक दार मात्र उघडं ठेवलं. गाडीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, की ही अट नाही.

पंचवीस म्हणजे अगदी मोजून पंचवीस. कारखान्यात ज्या महिन्यात गाडी बनली, त्या महिन्यापासून. म्हणजे ऑक्टोबर १९९१ ची गाडी ऑक्टोबर २०१६ मध्ये चालेल. एक महिना आधी बंदरात उतरली, तर अडलीच. कॅनडात हीच अट पंधरा वर्षांची आहे. देश तितके नियम!

‘मग आपल्याकडे?’ असं तुम्ही विचारणारच. भारतात परदेशातली वापरलेली गाडी आणायची, तर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही. फार जुन्या, संग्रहात ठेवायच्या गाड्यांचे नियम निराळे. कॅपुचिनो धड नवी नाही आणि तेवढी म्हातारीही नाही. बिचारीचा त्रिशंकू!

काही जण गाडीचं वय चोरतात. माणसं कमी सांगतात, हे जास्त सांगतात. पण पकडले गेले तर? २०१३ साली अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने एक चित्रफीत लोकांना दाखवली. जुनी असल्याचं भासवून आणलेली एक मिनी गाडी यंत्राच्या जबड्यात चुरडली जात होती. भाच्याने ती मला पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मी थांबलो ते बरं ना?’

गाडीचं प्रगतिपुस्तक

आता खरी कसोटी. गाडी जपानमध्ये, भाचा अमेरिकेत, मध्ये पॅसिफिक महासागर. न बघता गाडी घ्यायची कशी? आपण तर वांगीसुद्धा उलटीपालटी करून घेतो!

जपानमध्ये वापरलेल्या गाड्यांचे प्रचंड लिलाव भरतात. टोकियोजवळ नोदा इथे दर गुरुवारी भरतो, तो सगळ्यांत मोठ्यांपैकी एक. एका दिवसात हजारो गाड्या. एकेका गाडीचा सौदा मिनिटाच्या आत संपतो. बोली लावणारे ओरडत नाहीत, नुसती बटणं दाबतात. पण तिथे फक्त नोंदलेल्या व्यापाऱ्यांनाच प्रवेश. म्हणून बाहेरच्या माणसाला जपानमधला एजंट गाठावा लागतो.

आणि न बघता गाडी घेता येते, ती एका कागदामुळे. लिलावाआधी तिथला तपासनीस प्रत्येक गाडी बघतो आणि कागद भरतो. या कागदावर गाडीची आकृती असते, जणू कुणी तिला वरून दाबून पापडासारखी पसरवली आहे. जिथे दोष, तिथे खूण. ‘ए’ म्हणजे ओरखडा. ‘यू’ म्हणजे पोचा. ‘डब्ल्यू’ म्हणजे ठोकून रंगवल्यामुळे पत्रा लाटांसारखा दिसतो ती जागा. ‘एस’ म्हणजे गंज. गंजाला जपानीत ‘साबी’ म्हणतात. खुणेपुढे आकडा, लहान दोषाला १, मोठ्याला ३. वरच्या कोपऱ्यात एकूण गुण. ५ म्हणजे जवळजवळ नव्यासारखी, ४ म्हणजे चांगली, ३ म्हणजे बऱ्यापैकी दोष असलेली. आणि ‘आर’ लिहिलं असेल, तर या गाडीला अपघात होऊन तिचा सांगाडा दुरुस्त केलेला आहे. पळा!

म्हणजे हे गाडीचं प्रगतिपुस्तकच. फरक एवढाच, की इथे सही पालकांची नसते आणि घरी येताना वाटेत खाडाखोड करता येत नाही!

भाच्याने कितीतरी आठवडे असे कागद वाचले. मग एके दिवशी सकाळी सकाळी त्याचा फोन आला. आवाज नुसता थरथरत होता.

“मामा, लाल आहे! अगदी चित्रातल्यासारखी! आणि किंमत बघ, मी धरली होती त्याच्या निम्मी!”

“गुण किती?” मी विचारलं.

“साडेतीन.”

“आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?”

तो गप्प झाला. एजंटने त्या ओळीचं भाषांतर करून पाठवलं होतं. त्याने ते वाचून दाखवलं. ‘गाडी होक्काइदोची. तळाला सर्वत्र गंज. मागच्या चाकांजवळ पत्र्याला भोक.’

होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं बेट. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा कुरतडत जातं. वरून गाडी लालचुटूक आणि खालून चाळण. आपल्या कोकणातल्या वाचकांना खारी हवा पत्र्याचं काय करते ते ठाऊक आहेच. त्यातून कॅपुचिनोचा मागचा पत्रा गंजासाठी बदनाम.

“मामा, दुरुस्त करून घेईन रे.”

“घेशील. पण तुझ्याकडे पैसे एका गाडीचे आहेत की दोन गाड्यांचे?”

त्याने फोन ठेवला. त्या रात्री तो झोपला नाही, असं त्याने नंतर सांगितलं. चौवीस वर्षांपूर्वीचं चित्र समोर उभं होतं आणि फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण त्याने बोली लावली नाही. लाल गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली.

दोन महिन्यांनी दुसरी सापडली. चंदेरी रंगाची, गुण चार. दारावर एक ‘यू१’, म्हणजे छोटासा पोचा. मागच्या बाजूला दोन ओरखडे. गंजाची एकच खूण, तीही ‘एस१’. उष्ण भागातली गाडी, बर्फ न पाहिलेली. भाच्याने या वेळी मला विचारलंसुद्धा नाही. आधी घेतली, मग कळवलं.

“लाल नाही रे,” मी म्हटलं.

“नाही. पण आतून खरी आहे,” तो म्हणाला.

मित्रांनो, एक विचार करा. ज्या तपासनिसाने तो कागद लिहिला, तो भाच्याला कधी भेटला नाही, भेटणारही नाही. गाडी अमेरिकेत जाणार की आफ्रिकेत, हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याने बॅटरी घेऊन, खाली वाकून, नखाएवढा पोचासुद्धा खरा लिहिला. त्या चार अक्षरांच्या भरवशावर भाच्याने साठवलेले पैसे समुद्रापार पाठवले. तो तपासनीस त्या दिवशी कंटाळला असता तर?

बिल्टी, बंदर आणि ढेकूण

गाडी घेतली, तरी लगेच निघाली नाही. ती बनली होती नोव्हेंबर १९९३ मध्ये. म्हणजे नोव्हेंबर २०१८ उलटेपर्यंत थांबणं आलं. महिना कसा कळला? जुन्या जपानी गाड्यांच्या कागदांवर बहुतेक वेळा पहिल्या नोंदणीचा महिना असतो, बनल्याचा नव्हे. मग एजंटने सीटबेल्टच्या टोकाला शिवलेल्या चिठ्ठीचा फोटो काढला. कापडाच्या त्या चिमुकल्या चिठ्ठीवर पट्टा बनल्याची तारीख होती. ती आणि कारखान्याची नोंद, दोन्ही जुळल्या.

मग जपानमधली नोंदणी रद्द करायची, पिवळ्या नंबरप्लेट परत करायच्या, निर्यातीचा दाखला घ्यायचा. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखाच! त्यानंतर जहाजाची बिल्टी. गाड्या नेणारी जहाजं म्हणजे तरंगते वाहनतळच असतात. सुमारे २०० मीटर लांब, दहा-बारा मजली, पोटात पाच-सहा हजार गाड्या. क्रेन लागत नाही. चालक एकेक गाडी आत चालवत नेतात आणि पट्ट्यांनी जमिनीला आवळतात. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवतात, आगीच्या भीतीने.

आता नकाशा उघडा. जपानमधल्या योकोहामा बंदरावर बोट ठेवा. पॅसिफिक महासागर ओलांडा. पनामा कालव्यातून आत शिरा, कॅरिबियन समुद्रातून वर चढा आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बाल्टिमोरला पोहोचा. आमची चंदेरी गाडी या वाटेने डिसेंबरात निघाली आणि जानेवारी २०१९ मध्ये पोहोचली.

अशा प्रवासात चोरून बसणारे प्रवासीही असतात! फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडने जपानहून गाड्या घेऊन आलेली काही जहाजं चक्क परत पाठवली. का? तर त्यांत ढेकणाच्या जातीचे, घाण वास सोडणारे किडे सापडले. हिवाळ्यात हे किडे ऊब शोधत गाड्यांच्या फटींत शिरून बसतात. एकदा का देशात उतरले, की फळबागांची वाट लावतात. हजारो गाड्यांचं जहाज अडवलं ते बोटाच्या पेराएवढ्या किड्याने!

खर्चाचंही सांगतो, कारण आईबाबा विचारतील. गाडीची किंमत, एजंटची दलाली, लिलावाचं शुल्क, बंदरापर्यंतची वाहतूक, जहाजाचं भाडं, विमा, आयातकर, बंदराचं भाडं, कस्टमच्या दलालाचे पैसे आणि नोंदणी. स्वस्तातली गाडी असेल, तर वाटखर्चच तिच्या किमतीच्या आसपास जातो. भाच्याने पाच वर्षं पैसे साठवले होते.

सहा रिकामी घरं

बाल्टिमोरला गाडी उतरली. कस्टमचे कागद झाले. आता फक्त नोंदणी. भाचा खुशीत परिवहन कार्यालयात गेला. खिडकीतल्या बाईंनी गाडीचा क्रमांक संगणकात भरला. संगणक म्हणाला, चूक!

झालं होतं असं. अमेरिकेत १९८१ पासूनच्या गाड्यांना १७ अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक असतो. कॅपुचिनो बनली जपानी गिऱ्हाइकासाठी. तिच्या क्रमांकात ‘ईए११आर’ आणि पुढे सहा आकडे, एकूण ११ घरं. सहा घरं रिकामी. बाई म्हणाल्या, बाकीचे आकडे आणा. भाचा म्हणाला, बाकीचे नाहीतच! तीन खेपा झाल्या. शेवटी एका जुन्या कर्मचाऱ्याने नियमांचं पुस्तक उघडून जुन्या परदेशी गाड्यांची वेगळी नोंद कशी करतात ते शोधून काढलं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे रस्त्याचे नियम वेगळे. काही राज्यांनी अलीकडच्या वर्षांत केइ गाड्यांची नोंदणीच नाकारली. सगळे कागद खरे, कर भरलेला आणि गाडी दारात उभी, पण रस्त्यावर न्यायची नाही! लोकांनी पत्रं लिहिली, आमदारांना गाठलं. टेक्सास आणि मॅसेच्युसेट्‌स या राज्यांनी २०२४ साली ऐकलं आणि परवानगी दिली.

नाकारणाऱ्यांचंही म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ते म्हणतात, पंचवीस वर्षं झाली म्हणून गाडी सुरक्षित होते का? नाही होत. कायद्याने तपासणी माफ केली, टक्कर माफ केलेली नाही. अमेरिकेतला मोठा पिकअप ट्रक कॅपुचिनोच्या तिप्पट वजनाचा असतो. भाच्याला हे पक्कं ठाऊक आहे. तो हायवेवर जात नाही, पावसात जात नाही, पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर तासभर, एवढंच.

तो आवाज

जानेवारीत बंदरातून घरी न्यायची, तर रस्त्यांवर बर्फ आणि बर्फावर मीठ. ज्या मिठापायी लाल गाडी सोडली, त्याच मिठातून हिला न्यायची? भाच्याने ट्रेलर भाड्याने घेतला, गाडी झाकून नेली आणि गॅरेजमध्ये ठेवली. मार्चमध्ये चांगले दोन पाऊस पडून रस्ते धुऊन निघाले, तेव्हा पहिल्यांदा बाहेर काढली. पंचवीस वर्षं थांबला, अजून दोन महिने थांबला.

त्या दिवशी त्याने मला फोन लावला. शेजारचे अमेरिकन लोक जमले होते. स्टिअरिंग उजवीकडे बघून त्यांना भारी मौज वाटत होती. एक जण म्हणाला, तुला हे उलटं कसं जमतं? भाचा हसला. उलटं कसलं? जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. सांगलीत मामाच्या मारुतीत तो उजवीकडेच बसून शिकला होता. डाव्या हाताने गिअर टाकायची सवय हाताला अजून होती.

“मामा, बोलू नकोस, नुसता ऐक,” तो म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.

तीन सिलिंडरचा तो आवाज! किंचित घुमणारा, थोडा खडखडणारा. मी डोळे मिटले. आमच्या दारात सकाळी सकाळी मारुती सुरू व्हायची, तोच आवाज. चुलतभाऊच शेवटी!

पुढच्याच रविवारी गॅरेजमधून काढताना भाच्याने गाडी खांबाला घासली. आधी फार हळहळला. मग त्याने काय केलं? जपानहून आलेला तो लिलावाचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता. तो खाली उतरवला, पेन घेतलं आणि आकृतीवर डाव्या बाजूला, जिथे ओरखडा पडला होता तिथे, तारीख घालून लिहिलं, ‘ए१’.

आता तुमच्या सायकलकडे बघा. एका कागदावर तिची आकृती काढा. ओरखडा तिथे ए, पोचा तिथे यू, गंज तिथे एस. चेनच्या मागे वाकून बघायला विसरू नका. आणि ज्या पोच्याबद्दल घरी अजून कुणालाच सांगितलेलं नाही ना, तोही लिहा!